कोरड्या त्वचेची तीन वर्षं : १८७२ ते १८७४

डिसेंबर लागला की ऑफिसातलं दृश्य बदलतं. कीबोर्डशेजारी लिप बामची डबी येते, मॉनिटरच्या मागे मॉइश्चरायजरची बाटली उभी राहते, आणि मीटिंगमध्ये कोणी ना कोणी टेबलाखाली गुपचूप पोटरी खाजवत असतं. पुण्याची थंडी ती काय थंडी, असं नाशिककर आणि नागपूरकर म्हणणार. पण ओठ फुटायला, टाचांना भेगा पडायला आणि हातावर नख ओढलं की पांढरी रेघ उमटायला तेवढीही पुरते. त्यात दिवसभर डोक्यावर एसी. आणि जी मंडळी ऑनसाइट म्हणून शिकागो किंवा न्यू जर्सीला गेली आहेत त्यांचं तर विचारूच नका.

यावरचे आपले उपायही ठरलेले. आई फोनवर सांगते, "अरे, खोबरेल लाव रात्री." रूममेट म्हणतो, पाणी जास्त पी. कोपऱ्यावरचा केमिस्ट न विचारता एक ट्यूब काढून देतो. बहुतेक वेळा यातल्या कशाने तरी काम भागतं. पण 'बहुतेक वेळा' आणि 'नेहमी' यांत फरक आहे. कुठली कोरडी त्वचा डबीतल्या मलमाने बरी होते आणि कुठली नाही, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. या वीकांताला तीच गोष्ट सांगायची आहे.

वाचता वाचता एक गमतीचा योगायोग सापडला. या गोष्टीतले चार महत्त्वाचे धागे १८७२ ते १८७४ या तीन वर्षांत एकवटतात. माणसं चार, गावं चार: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, लंडन आणि नॉर्वेतलं बर्गन. प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतलेला. चौघांच्याही कामाचा कोरड्या त्वचेशी संबंध होता, पण चौघांची उत्तरं वेगळी होती.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

तेल, तूप आणि मेण

आपल्याकडे थंडीची सुरुवात दिवाळीच्या अभ्यंगाने होते. नरक चतुर्दशीला पहाटे उठून तेल लावायचं, मग उटणं, मग कढत पाणी. अंगाला तेल लावण्याची ही पद्धत जुनी आहे. चरकसंहितेत अभ्यंगाचं महत्त्व सांगताना तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरलेला घडा, तेल लावलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाड्याचा आस. या वस्तू जशा टिकाऊ होतात तसं शरीरही होतं, असा युक्तिवाद. मेकॅनिकलवाल्यांना ही उपमा लगेच पटेल.

आयुर्वेदात आणखी एक भन्नाट चीज आहे, शतधौत घृत. म्हणजे तूप पाण्यात घालून फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवीन पाणी, असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा रवाळपणा आणि वास जाऊन पांढरंशुभ्र, थंडगार, लोण्यासारखं मलम हातात येतं. तिकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर जे मलम नोंदलं गेलं त्यातही हाच प्रकार होता. मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून त्यात गुलाबाचं पाणी घोटायचं. अंगाला लावलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि गार वाटतं, म्हणून ते 'कोल्ड क्रीम'. आज दुकानात मिळणाऱ्या कोल्ड क्रीमचं नाव थेट तिथून आलं आहे.

२००३ मध्ये लंडनच्या सदर्क भागात रोमन काळातल्या देवळाच्या जागी उत्खनन करताना कथलाची एक बंद डबी मिळाली. उघडून बघतात तर आत पांढरं क्रीम, आणि त्यावर बोटं फिरवल्याच्या खुणा! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी शेवटचं बोट घातलं ते तसंच. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा त्यात प्राण्याची चरबी, स्टार्च आणि कथलाचं ऑक्साइड निघालं.

आपल्या कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावतात. देशावर भेगांसाठी राळेचं मलम. हे सगळे उपाय थोडेफार लागू पडतात, म्हणूनच टिकले. मात्र यांच्यामागची समजूत सगळीकडे एकच होती: थंडीत अंगातला 'स्निग्धपणा' कमी होतो, तो वरून भरून काढायचा. म्हणजे प्रश्न तेलाचा आहे. ही समजूत चांगली दोन हजार वर्षं टिकली.

१८७२, न्यूयॉर्क: खनिज तेलाचा गाळ

१८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी खनिज तेल लागलं. न्यूयॉर्कमधला रॉबर्ट चेझब्रो तेव्हा बावीस वर्षांचा होता. देवमाशाच्या तेलापासून दिव्याचं तेल बनवणं हा त्याचा धंदा. आता जमिनीतून स्वस्त तेल निघतंय म्हटल्यावर आपला धंदा बसणार हे त्याला कळलं आणि तो थेट टायटसव्हिलला गेला. (तंत्रज्ञान बदललं की नोकरीचं काय, हा प्रश्न आपल्याच पिढीला पहिल्यांदा पडलाय असं समजू नका.)

तिथं विहिरींच्या दांड्यांवर एक काळपट, मेणचट थर जमायचा. यंत्रं अडकायची, कामगार वैतागायचे. पण तेच कामगार कापलं-भाजलं की हाच थर जखमेला चोपडायचे. चेझब्रो तो गाळ घरी घेऊन आला आणि वर्षानुवर्षं शुद्ध करत बसला. शेवटी रंग नाही, वास नाही, खवट होत नाही अशी जेली तयार झाली. १८७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. नाव व्हॅसलीन. जर्मन भाषेतलं पाणी आणि ग्रीक भाषेतलं तेल हे दोन शब्द जोडून त्याने ते बनवलं, असं सांगतात. नाव ठेवताना पाणी आधी आणि तेल नंतर, हा क्रम किती बरोबर होता हे पुढे कळेलच.

विकण्यासाठी हा माणूस गावोगाव फिरून लोकांसमोर स्वतःचा हात भाजून घ्यायचा आणि त्यावर व्हॅसलीन लावून दाखवायचा. रोज एक चमचा खायचा असंही म्हणतात. वारला तो १९३३ मध्ये, शहाण्णव वर्षांचा होऊन. खाण्याचा प्रयोग तुम्ही करू नका, पण त्वचेवर लावायला आजही इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक दुसरी गोष्ट शोधावी लागेल.

१८७४, फिलाडेल्फिया: हिवाळ्याची खाज

व्हॅसलीनच्या पेटंटला दोन वर्षं होत नाहीत तोच, त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात लुई डुहरिंग या तरुण त्वचारोगतज्ज्ञाने एक निबंध छापला. त्याच्याकडे दरवर्षी काही रोगी यायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाज सुरू. मांड्या, पोटऱ्या. दिवसा विशेष नाही, पण रात्री कपडे बदलले की आग भडकल्यासारखी. तपासलं तर पुरळ नाही, गांधी नाहीत, त्वचा जरा खरखरीत आणि वर नखांचे ओरखडे. वसंत ऋतू आला की आपोआप बरं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. डुहरिंगने त्याला लॅटिन नाव दिलं, प्रुरायटस हिएमालिस. मराठीत सरळ सांगायचं तर हिवाळ्याची खाज.

यात काय मोठं, असं वाटेल. पण तोपर्यंत खाज म्हटली की डॉक्टर खरूज, उवा किंवा 'रक्तातला दोष' शोधायचे. ही खाज ऋतूची आहे, तिच्यामागे दुसरा कुठला रोग नाही आणि थंडी गेली की ती जाते, एवढं लक्षपूर्वक लिहून ठेवणं हेच मोठं काम होतं. आपल्यापैकी बहुतेकांचा हिवाळा डुहरिंगच्या या निबंधात बसतो.

मधली ऐंशी वर्षं: क्रीमचा सुकाळ

यानंतर क्रीमच क्रीम. १८८२ मध्ये जर्मनीत ओटो ब्राउन आणि ऑस्कर लिब्राइख यांनी मेंढीच्या लोकरीतली चरबी शुद्ध केली, ती लॅनोलिन. तिच्यातूनच पुढे आयझॅक लिफ्शुट्झने तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ वेगळा काढला. हॅम्बुर्गच्या ऑस्कर ट्रॉप्लोविट्झने तो हेरला, त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांना बरोबर घेतलं आणि १९११ मध्ये निव्हिया बाजारात आलं. नाव लॅटिनमधल्या बर्फावरून. गेलनच्या क्रीममधलं तेल-पाणी काही दिवसांत वेगळं व्हायचं, हे होत नव्हतं.

बर्फावरून आठवलं, आपल्या आज्या 'स्नो-पावडर' करायच्या. त्यातला स्नो म्हणजे लावल्यावर त्वचेत दिसेनासं होणारं पांढरं क्रीम. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास 'अफगाण स्नो' काढला आणि तो घराघरांत पोचला. १९२९ मध्ये कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन आणलं. बोरिक अॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन, हिरव्या ट्यूबमध्ये. परदेशी क्रीमला स्वदेशी उत्तर म्हणून.

क्रीम सुधारत गेली, पण समजूत तीच राहिली. त्वचेला तेल कमी पडतं, तेल द्या.

१९५२, बोस्टन: घट्ट्यांचा प्रयोग

ही समजूत मोडली अर्विन ब्लँकने. प्रयोग इतका साधा आहे की आपल्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्येही झाला असता. त्याने पायाला पडणाऱ्या घट्ट्यांचे पातळ तुकडे घेतले. घट्टा म्हणजे त्वचेचा सगळ्यात बाहेरचा मृत थरच, फक्त जाड झालेला. तुकडे वाळवले की ते ठिसूळ होऊन कडकन मोडायचे. मग हे वाळलेले तुकडे त्याने तेलात आणि मलमांत बुडवून ठेवले. फरक शून्य. बाहेर काढले तरी ठिसूळच. पाणी मिळालं मात्र, की तेच तुकडे मऊ आणि लवचिक. थरात साधारण १० टक्के पाणी असेपर्यंत तो वाकतो, त्याखाली गेलं की तडकतो.

म्हणजे दोन हजार वर्षांनंतर कळलं की कमतरता तेलाची नव्हती, पाण्याची होती!

मग तेल, तूप, व्हॅसलीन यांनी इतकी वर्षं बरं कसं वाटत होतं? कारण ते त्वचेतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. ती झाकणं आहेत. त्वचेच्या आत पाणी भरपूर असतं आणि ते सतत वरच्या थरातून हळूहळू उडत असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लीक आहे. झाकण लावलं की लीक कमी होतो आणि वरचा थर आतल्या पाण्यानेच भिजतो. (आणि म्हणूनच बाटल्या भरभरून पाणी पिण्याने त्वचा मऊ होत नाही. तहान लागेल तेवढं प्या, पण टाकी भरून गळका नळ दुरुस्त होत नाही.)

१९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात पीटर इलायस आणि इतरांच्या कामातून या थराची रचना उलगडली. ती विटांच्या भिंतीसारखी आहे. मृत पेशी या विटा, आणि मधला गिलावा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा. सगळी भिंत कागदाहूनही पातळ. कढत पाणी आणि साबण हा गिलावा धुऊन नेतात. त्वचा किंचित आम्ल असते आणि साबण अल्कली, म्हणून नुकसान आणखी. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असलं की जन्मापासून त्वचा कोरडी, खवल्यांची राहते आणि एक्झिमाचा धोका वाढतो हे दाखवलं. म्हणजे काहींच्या भिंतीच्या विटाच मुळात कमी पाणी धरतात. अशा माणसाला "नीट क्रीम लावत नाहीस" म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि हिवाळाच का? गणित सोपं आहे. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत पाच ग्रॅमपेक्षाही कमी वाफ मावते, २२ अंशांना सुमारे १९ ग्रॅम. शिकागोतली शून्य अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात घेतली तर तिच्यात चार ग्रॅमच्या आसपास वाफ असते. हीटरने ती २२ अंशांवर नेली की आर्द्रता उरली २० टक्के. पुण्यात हीटर नाही, पण थंडीतली कोरडी हवा आणि हवेतलं पाणी काढून घेणारा एसी मिळून तेच काम करतात.

१८७३, लंडन: त्वचा जेव्हा निरोप देते

आता उरलेली दोन माणसं. इथून गोष्ट गंभीर होते.

ऑक्टोबर १८७३ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे सर विल्यम गल यांनी काही मध्यमवयीन स्त्रियांची हकीगत वाचली. हळूहळू मंद होत गेलेल्या, चेहरा सुजल्यासारखा, जीभ जाड, बोलणं जड, कशातच उत्साह नाही. १८७७ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या रोगाला मिक्सिडिमा म्हटलं. यात त्वचा कोरडी, खरखरीत होते, घाम येत नाही, केस गळतात, थंडी सहन होत नाही. १८८८ मध्ये सोसायटीने शंभराहून जास्त रोग्यांचा अभ्यास छापला आणि मूळ सापडलं गळ्यात: थायरॉइड ग्रंथी बंद पडलेली.

१८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत ती माणसात आली. त्वचा मऊ झाली, घाम येऊ लागला. पुढे ती अर्क तोंडाने घेऊ लागली आणि आणखी २८ वर्षं जगली. वारली १९१९ मध्ये, ७४ व्या वर्षी. तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन वेगळं काढलं, आणि आज तेच काम सकाळी उपाशीपोटी घ्यायची छोटीशी गोळी करते.

या बाईला कितीही उत्तम कोल्ड क्रीम दिलं असतं तरी काय झालं असतं? त्वचा वरून थोडी मऊ. आतून ती तशीच विझत गेली असती.

हे जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने दोन हिवाळे लोशनांचे ब्रँड बदलण्यात काढले. थकवा येतो तो रात्रीच्या रिलीजमुळे, वजन वाढतं ते कँटीनमुळे, केस गळतात ते पाण्यामुळे. प्रत्येक गोष्टीला वेगळं आणि पटण्यासारखं कारण होतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून घेतल्या आणि रक्ताची टीएसएच तपासणी सांगितली. एकच कारण निघालं. प्रॉडक्शनमध्ये पाच वेगवेगळे एरर दिसतात आणि मागे एकच सर्व्हिस बंद पडलेली असते, अगदी तसं.

१८७३, बर्गन: ज्या डागाला काही कळत नाही

त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांना कुष्ठरोग्याच्या गाठीतल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या दिसल्या. कुष्ठरोग हा पापाचा किंवा रक्ताचा वारसा नसून जंतूंचा रोग आहे, याचा तो पहिला पुरावा.

याचा कोरड्या त्वचेशी संबंध काय? हे जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंमध्ये घर करतात. तंतू मेला की त्या जागेची संवेदना जाते, आणि घामाच्या ग्रंथींना मिळणारा हुकूमही बंद होतो. म्हणून सुरुवातीला दिसतो तो एक फिकट किंवा लालसर, कोरडा डाग. घाम नाही, केस विरळ, आणि टोचलं, गरम-गार लावलं तरी कळत नाही. खाजत नाही, दुखत नाही. म्हणूनच माणूस त्यावर वर्ष-वर्ष क्रीम लावत बसतो.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. मुंबईचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० चं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत, म्हणजे एमडीटी, सुचवली आणि रोग सहा महिने ते वर्षभरात पूर्ण बरा होऊ लागला. २००५ च्या शेवटी देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. पण रोग संपलेला नाही. आजही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात, जगातल्या एकूण नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त. आणि तो फक्त गरिबांना होतो हाही गैरसमज आहे.

वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं रोगाने झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हातापायांना भेग पडते, ती कळत नाही, चिघळते, आणि त्यातून हाड जातं. म्हणून बधिर झालेल्या पायांची रोज घ्यायची काळजी शिकवतात, ती अशी: पाय साध्या पाण्यात काही वेळ भिजवा, घट्टे हलकेच घासा आणि ओलसर असतानाच वरून तेल लावा. पाणी आधी, तेल नंतर. ब्लँकच्या प्रयोगातून निघणारा धडाही हाच. एका ठिकाणी मऊ त्वचेचा प्रश्न, दुसऱ्या ठिकाणी पाय वाचवण्याचा.

मग आपण काय करायचं?

रोजची काळजी वरच्या इतिहासातूनच निघते. अंघोळ कोमट पाण्याची, दहा मिनिटांत. साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता, तोही सौम्य. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत जाड क्रीम, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल टाळा, या दोन्हींनी भिंतीचं नुकसान होऊ शकतं असं अभ्यासांत दिसलं आहे. टाचांना युरिया असलेलं क्रीम चांगलं. लोकरीच्या आत सुती कपडा. आणि दिवाळीच्या अभ्यंगात क्रम फक्त थोडा वाढवा: तेल, उटणं, अंघोळ, आणि शेवटी पुन्हा थोडं तेल.

हे दोन आठवडे मनापासून करूनही फरक पडला नाही, तर डॉक्टरकडे जा. खालच्या गोष्टींसाठी मात्र दोन आठवडेही थांबू नका.

१. खाजेने रात्रीची झोप मोडते, किंवा घरातल्या इतरांनाही खाज सुटली आहे. (खरूज असू शकते. ती कोरडेपणाच्या नावाखाली सहज लपते.)

२. भेगांतून रक्त, पू किंवा पिवळट खपली येते, आजूबाजूला लाल आणि गरम झालंय, ताप आहे. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाची साधी भेगसुद्धा दाखवा.

३. कोरडेपणासोबत थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, केसगळती, थंडी न सोसणं, पाळीत बदल. टीएसएचबद्दल विचारा.

४. कोरडा, फिकट किंवा लालसर डाग, जिथं स्पर्श कमी कळतो. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि औषधं फुकट मिळतात. लवकर गेलात तर हातापायांना काहीही न होता बरे होता.

५. पुरळ काहीच नाही, पण सगळ्या अंगाला खाज, आणि जोडीला वजन घटणं, रात्री घाम, डोळे पिवळे किंवा लघवीत बदल. यकृत, मूत्रपिंड, रक्त यांची तपासणी लागते.

६. मोठ्या वयात अचानक माशासारखे खवले आले आहेत.

७. सगळं अंग लाल होऊन सोलवटतंय आणि हुडहुडी भरते. हे त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचं कारण.

आणि केमिस्टकडची ती ट्यूब. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू, मग त्वचा पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते दबून आणखी पसरतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायला परवानगी नाही, आणि त्यामागे कारण आहे.

चेझब्रोच्या डबीने डुहरिंगच्या रोग्यांना आराम पडला असता. गल आणि हॅन्सन यांच्या रोग्यांना नसता. वरवर पाहता या सगळ्यांची त्वचा सारखीच कोरडी होती. त्यांतला फरक दीडशे वर्षांपूर्वी कोणालाच धड सांगता येत नव्हता, आज तो काही साधे प्रश्न, एक रक्ताची तपासणी आणि कापसाच्या बोळ्याचा हलका स्पर्श यांवर बराचसा कळतो. तेव्हा या हिवाळ्यात क्रीम जरूर लावा. फक्त लावताना आपल्या आणि घरातल्या मोठ्यांच्या हातापायांकडे एकदा नीट बघा.